कलम सात

रविवार, १० नोव्हेंबर २०२४

स्मरणिका काढायचं ठरलं आहे. पुढच्या वर्षी आपल्या भिवंडी ग्रामीण फुटबॉल लीगला तीस वर्षं होतील. इतिहास कोणी लिहायचा म्हटल्यावर सगळ्या कमिटीने माझ्याकडे बोट दाखवलं. सेक्रेटरी मी, रजिस्टरं माझ्या कपाटात, आणि शाळेत बत्तीस वर्षं कारकुनी केल्यामुळे हात लिहायला वळलेला. बायको म्हणाली, "आधी रोज वहीत थोडं लिहीत जा, मंग आठवंल." आमच्या बायजाबाईचं डोकं असं कधीतरी चालतं, म्हणून ही वही.

आज महिला गटाचा पहिला सामना आमच्या वळ गावच्या मैदानावर झाला. मैदान म्हणजे भात कापून रोलर फिरवलेलं रान, तिन्ही बाजूंनी गोडाऊनचे निळे पत्रे. बॉल पत्र्यावर आपटला की वॉचमन शिव्या देत बाहेर येतो. वळने पूर्णा गावाला तीन-शून्य हरवलं. तीनपैकी दोन गोल पूर्वीचे. पूर्वी म्हणजे हिरामणची मुलगी, आणि हिरामण म्हणजे माझा जुना जोडीदार. मी गोलकीपर आणि तो माझ्यापुढे बॅकला, अशी आम्ही अकरा वर्षं काढली. पोरीला बॉल मारायला मीच शिकवलं. मे महिन्यात तिचं लग्न झालं, धामणपाड्याला दिली. तरी आज जर्सी घालून हजर.

एवढ्या उन्हात जर्सीच्या आत पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घातला होता. सासरची लाज राखून खेळते म्हणायची. बरं वाटलं.

सामना संपल्यावर गोलपोस्ट उचलून माझ्या परसात आणून टाकले. लीगकडे एकच जोडी आहे. रविवार आला की ती टेम्पोत बसून गावोगाव फिरते आणि उरलेले सहा दिवस बायजाबाई तिच्यावर गोधड्या वाळत घालते.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

आज कलम सातचा इतिहास लिहायला घेतला.

१९९६ची फायनल, वळ विरुद्ध वडपे. वडप्याने शहरातून लूमवर काम करणारी चार पोरं आणली. रात्रपाळी करून आलेली, पायात धड बूट नाहीत, पण काय खेळायची! आम्ही पाच गोल खाल्ले. मग आमच्याकडचं कोणीतरी ओरडलं, ही कुठल्या गावची? त्यातला एक बिचारा म्हणाला, "भाई, हम तो बस खेलने आये हैं." त्यानंतर बांबू निघाले. माझे दोन दात गेले, हिरामणच्या डोक्याला सात टाके पडले.

पुढच्या वर्षी मारुतीच्या देवळात बसून मी कलम सात लिहिलं. "खेळाडूचे नाव ज्या गावच्या रेशनकार्डावर असेल, त्याच गावाकडून तो खेळेल." रेशनकार्डाची कल्पना माझीच. त्या एका ओळीने अठ्ठावीस वर्षं लीगमध्ये बांबू निघालेला नाही. दोन दात देऊन कायदा मिळाला, सौदा वाईट नाही.

बौद्धवाड्याचा संघ आपण २००६ साली घेतला. उशीर झाला. त्याची कारणं स्मरणिकेत घालण्यासारखी नाहीत.

महिला गट तीन वर्षांपूर्वी सुरू झाला, तो मात्र बौद्धवाड्यातल्या धम्मदिना या मुलीमुळे. ती सरकारी दवाखान्यात नर्स आहे आणि सुटीच्या दिवशी आमची रेफरी. वळ, पूर्णा, वडपे आणि धामणपाडा, असे चार संघ. चाराचे तीन झाले तर गट बंद, असा कमिटीचा ठराव आहे. बरेच जण त्याची वाट बघून आहेत.

रविवार, १७ नोव्हेंबर

वडप्याची लेखी तक्रार आली. पूर्वीचं लग्न झालं, ती आता धामणपाड्याची, मग वळकडून कशी खेळते? कलम सात.

कबूल करतो, कलम लिहिताना हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पुरुष कशाला गाव बदलतोय! संध्याकाळी हिरामणकडे गेलो. म्हटलं, पोरीचं नाव अजून तुझ्याच कार्डावर आहे का?

"हाय. ऱ्हाऊ दे."

"लग्न झालं की कमी करायचं असतं."

"लग्न झालं म्हणून काय पोर खोडून टाकू?"

हिरामण पहिल्यापासून असाच. बॉल अडवायला सांगितला की माणूस अडवायचा.

रविवार, २४ नोव्हेंबर

सामना नव्हता, सराव होता. नऊला संपला. बाकीच्या मुली गेल्या, काहींची गोडाऊनला दुपारची शिफ्ट असते. पूर्वी मात्र बसून राहिली. जाळ्या सोडल्या, बॉल पुसले, पुसलेले बॉल परत पुसले. पाच वाजता हिरामण तिला धामणपाड्याला सोडायला निघाला तेव्हा कुठे उठली. खेळाचं एवढं वेड मी आमच्या पिढीतही पाहिलं नाही.

मी तिला कलम समजावून सांगितलं.

"काका, नाव हितंच ऱ्हाऊ द्या. हा सीझन तरी."

"अगं, तिकडून खेळ. धामणपाड्याकडे सेंटर फॉरवर्ड नाही. राणी होशील."

"तिकडं न्हाय खेळता येणार मना."

"का?"

ती हातातल्या बॉलकडे बघत म्हणाली, "रविवार गेला तर मंग काय ऱ्हायलं, काका?"

मी हसलो. म्हटलं, रविवार कुठे जातोय, फक्त मैदान बदलतंय.

धम्मदिना जाताना थांबली. "काका, पूर्वीच्या दंडावर निळे डाग आहेत. चार बोटांचे. कपडे बदलताना पाहिले मी." म्हटलं, पूर्णाच्या बॅकला कोपर मारायची सवयच आहे, रेफरी तूच होतीस, कार्ड दाखवायचं होतंस. ती आणखी काही बोलणार होती, पण मी विषय बदलला. पोरगी हुशार आहे, पण तिला सगळीकडे दुखणीच दिसतात. दवाखान्यातल्या नोकरीने माणूस तसा होतो.

बुधवार, ४ डिसेंबर

पूर्वीचं नाव हिरामणच्या कार्डावरून कमी झालं.

सोपं गेलं नाही. सेवा केंद्रापर्यंत तो माझ्या स्कूटरवर आला. तिथल्या मुलीने कारण विचारलं, तर हा भिंतीवरचे दर वाचत बसला. शेवटी मीच सांगितलं, लग्न. एवढा पहाडासारखा गडी, अर्जावर सही करताना तीन वेळा पेन खाली ठेवलं. बाहेर आल्यावर म्हणाला, "नाथा, तू मैदानाचा सेक्रेटरी हायस. माज्या घराचा न्हाय." घरी सोडायला गेलो तर त्याच्या बायकोने, ठकुवहिनींनी, चहाही टाकला नाही.

मला वाईट वाटलं, हेही लिहून ठेवतो. पण उद्या वडपेवाले काय म्हणाले असते? सेक्रेटरीने आपल्या गावासाठी, आपल्या दोस्तासाठी कलम मोडलं. कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद कोणाकडे मागायची?

रविवार, ८ डिसेंबर

नाव कमी केल्याचा दाखला घेऊन मी स्वतःच धामणपाड्याला गेलो. हिरामणच्या भरवशावर राहिलो असतो तर होळी उजाडली असती.

पूर्वीचे सासरे अनंताशेठ. जमिनी गोडाऊनला दिल्या, तीन मजली घर बांधलं, पण बोलणं गोड. नवरा भूपेश वडप्याला गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे. माझा फार मान ठेवला. पूर्वीने डोक्यावर पदर घेऊन पाणी आणलं आणि माझ्याकडे न बघता आत गेली. आज रविवार, पण दाखला घेऊन मीच येणार म्हणून तिला वळला येऊ नको असं कळवलं होतं.

सासूबाई म्हणाल्या, "या रविवारी आईकडं न्हाय गेली. तिच्या आईचे गुडघे लई दुखतात ना, तेल चोळायला जाते."

मला हसू आवरेना. म्हटलं, "गुडघे कसले! ठकुवहिनी शेतात माझ्यापुढे चालतात. तुमची सून येते गोल मारायला. या सीझनला तीन झाले!"

सासूबाईंनी अनंताशेठकडे पाहिलं. मग अनंताशेठ हसले. भूपेशही हसला. म्हणाला, "बघा, घरात चॅम्पियन, आनि आमालाच पत्ता न्हाय." आत एक भांडं पडलं.

अनंताशेठ म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, आता वळला जायची गरजच न्हाय. हितंच खेळंल, आमच्या डोळ्यांपुढं." दाखला त्यांनी जपून खिशात घातला.

गुपित माझ्या तोंडून फुटलं हे खरं. पण घर समजूतदार आहे. सगळं हसण्यावारी गेलं. एका चहात दोन्ही कामं उरकली म्हणून मी खुशीत घरी आलो.

रविवार, २२ डिसेंबर

वळ हरलं. गोल करणारं कोणी नाही.

धामणपाड्याची कॅप्टन दिशा मैदानावर भेटली. "काका, तुमी बोलला सेंटर फॉरवर्ड देतो. कुठंय?" मी अनंताशेठना फोन लावला. म्हणाले, कार्डावर नाव चढवायचं चाललंय, ऑफिसात गर्दी आहे. नाव चढेपर्यंत तिला कुठूनच खेळता येणार नाही. तांत्रिक अडचण.

हे बायजाबाईला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "माहेरच्या कागदावर न्हाय, सासरच्या कागदावर न्हाय. मंग पोर हाय कुठं?"

म्हटलं, तुला कागद कळत नाहीत.

रविवार, ५ जानेवारी २०२५

स्मरणिकेची तेरा पानं झाली. हिरामण मैदानावर येत नाही. त्याच्या दारावरून गेलो, तर ठकुवहिनी म्हणाल्या, "महिना झाला, पोर आली न्हाय. फोन केला तर जावय उचलतो, झोपली हाय बोलतो." म्हटलं, नवा संसार आहे, रमली असेल.

शुक्रवार, १० जानेवारी

अनंताशेठ स्वतः गाडी घेऊन दारात. काल संध्याकाळी धामणपाड्याला सराव करताना पूर्वी पडली, डोकं गोलपोस्टवर आपटलं. ठाण्याच्या दवाखान्यात आहे, शुद्ध नाही. लग्नाला वर्ष झालेलं नाही म्हणून पोलीस विचारपूस करतात, तसा नियमच आहे म्हणे. लीगचं एक पत्र मिळालं तर बरं होईल.

मी आधी त्यांना चार शब्द सुनावले. सराव सुरू केलात आणि सेक्रेटरीला पत्ता नाही? कार्डाआधी सराव? त्यांनी कान पकडले. मग मी लेटरहेड काढून लिहून दिलं. "दिनांक ९ जानेवारी रोजी धामणपाडा येथे सरावादरम्यान खेळाडू सौ. पूर्वी भूपेश पाटील या गोलपोस्टवर आदळून जखमी झाल्या." खाली सही, शिक्का. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले.

पोरीच्या काळजीने जेवण गेलं नाही. पण इथे खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय, म्हणून लिहितो. ती मैदानावर पडली हे ऐकून मला सुटल्यासारखं झालं. गेला महिनाभर काहीतरी आत खुपत होतं. ती तिकडे खेळत होती, म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं.

रविवार, १२ जानेवारी

सकाळी धम्मदिना घरी आली. ड्युटीवरून तशीच, युनिफॉर्ममध्ये. ठाण्याच्या दवाखान्यात तिची मैत्रीण नर्स आहे, दोघी पूर्वीला बघून आल्या. बस म्हटलं तर बसली नाही.

"पत्र तुम्ही दिलंत, काका?"

"हो. का?"

"सराव झाला गुरुवारी?"

"झाला म्हणूनच..."

"मी दिशाला विचारलं. कुठलाच सराव झाला नाही. पूर्वीला त्यांनी एकदासुद्धा मैदानावर पाहिलेलं नाही. काका, गुरुवारी तुम्ही धामणपाड्याला गोलपोस्ट कधी पाठवलेत?"

मी उठून परसात गेलो. गोलपोस्ट तिथेच होते. बायजाबाईने त्यांच्यावर गोधड्या घातल्या होत्या. मी शुक्रवारी पत्र लिहिलं ते खिडकीशी बसून, आणि त्या खिडकीतून ते दिसतात.

धम्मदिना मागे येऊन उभी राहिली होती. म्हणाली, "तिच्या बरगड्या मोडल्यात. दोन जुन्या आहेत. जुळत आलेल्या."

मंगळवार, १४ जानेवारी

पूर्वी गेली. पहाटे. वय वर्षं तेवीस.

बुधवार, १५ जानेवारी

धामणपाड्याच्या स्मशानात दोन गावं जमली होती, पण वेगवेगळी उभी. लीगच्या मुली जर्सी घालून आल्या होत्या, त्यांना फाटकाबाहेर थांबवलं. ठकुवहिनींना दोघींनी धरलं होतं. मी त्यांच्यासमोरून गेलो तर त्या रडायच्या थांबल्या आणि मी नजरेआड होईपर्यंत बघत राहिल्या.

निघताना अनंताशेठने माझ्या खांद्यावर हात ठेवला. हळूच म्हणाले, "तुमचं पत्र होतं म्हणून निभावलं."

एवढ्या वर्षांत मला माझ्या सहीची लाज वाटली नव्हती.

गुरुवार, १६ जानेवारी

अध्यक्षांच्या घरी कमिटी जमली. पत्र परत घ्यायचं म्हटल्यावर सगळे माझ्यावर तुटून पडले. लीगचा शिक्का खोटा ठरला तर तीस वर्षांचं रजिस्टर खोटं ठरेल. धामणपाडा पुरुषांचा संघही काढून घेईल. महिला गट तर आजच संपला. अध्यक्ष म्हणाले, "पोर तं गेली, केसरीनाथ. आता लीग तरी ऱ्हाऊ दे. तीस वर्सं जपलीस तू."

खरं सांगतो, मी त्यावर विचार केला. चांगला तासभर केला. लीग म्हणजे माझं सगळं आयुष्य आहे. मला मुलगी नाही, मुलगा दुबईला, दारावर येणारा प्रत्येक माणूस लीगमुळे येतो. शेवटी अध्यक्षांना म्हटलं, उद्या बघू.

वाटेत बौद्धवाड्यात गेलो. धम्मदिना दारात भांडी घासत होती. म्हटलं, तूच जाऊन सांग ना पोलिसांना, तुला सगळं ठाऊक आहे.

ती म्हणाली, "मी कालच सांगून आले. त्यांनी मला तुमचं पत्र दाखवलं."

शुक्रवार, १७ जानेवारी

पोलीस ठाण्यात गेलो. अधिकारी तरुण होता, माझ्यासाठी खुर्ची मागवली. पत्र समोर ठेवून विचारलं, सही तुमचीच ना?

"माझीच."

"तुम्ही तिथे होतात?"

"नाही."

"सराव पाहणाऱ्या कोणी तुम्हाला सांगितलं होतं?"

"नाही. अनंताशेठ बोलले. गोलपोस्ट माझ्या परसात होते."

त्याने पेन थांबवलं. "मग आजोबा, लिहिलंत कशाला?"

यावर मी कालपासून बरीच उत्तरं तयार करून ठेवली होती. विश्वास ठेवला, घाई होती, मोठा माणूस दारात आला. पण तोंडातून निघालं ते असं, "लिहिल्यावर मला बरं वाटलं."

त्याने ते तसंच लिहून घेतलं. मग मी न विचारता बाकीचंही सांगितलं. आठ डिसेंबरचं. गुडघ्यांचं, तेलाचं, तीन गोलांचं, आतल्या भांड्याचं. कार्डावरचं नाव कोणी कमी करायला लावलं, तेही. ती सीझनचे उरलेले रविवार मागत होती आणि मी तिला मैदान बदल म्हणालो. तो म्हणाला, एवढं जबाबात नको. मी म्हटलं, लिहा. सह्या चार ठिकाणी केल्या.

बाहेर बाकावर हिरामण बसला होता. त्याचाही जबाब व्हायचा होता. मी समोर जाऊन उभा राहिलो. त्याने मला मारावं असं मला मनापासून वाटत होतं.

"सांगितलंस?"

"सांगितलं. धामणपाड्याला मी काय बोललो, ते पण."

"ते मना म्हाईत हाय. तिनं फोन केलता त्या दिवशी." तो जमिनीकडे बघत होता. मग म्हणाला, "नाथा, दर रविवारी बोलायची, बाबा, आजची रात ऱ्हाऊ दे मना. एकच रात. मी बोलायचो, सासरचे काय म्हनतील. दर रविवारी मीच नेऊन सोडायचो तिला."

मी त्याच्या शेजारी बसलो. आतून शिपायाने त्याचं नाव पुकारलं. तो उठला नाही, म्हणून शिपायाने परत पुकारलं.